‘स्वयंशिक्षित’ हा शब्द मागे घेतो, पण अर्धाच

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. क्यूबन जॅझवादक मारिओ बाउसाला मी ‘स्वयंशिक्षित सॅक्सोफोनवादक’ म्हटलं. पोरवयात हवाना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदामध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला एकलव्य ठरवू नका, शिवाय त्याचं नाव झालं ते ट्रम्पेटवर, असं तुमचं म्हणणं. दोन्ही मुद्दे खरे. शीर्षक घाईत दिलं होतं, आता बदललंय.

तरी निम्मा शब्द ठेवतोच. १९११ साली हवानात जन्मलेल्या या माणसाला स्वरलिपी आणि क्लॅरिनेट रीतसर शिकायला मिळालं. जॅझ कोणी शिकवला? पंधरा-सोळाव्या वर्षी ध्वनिमुद्रणासाठी तो न्यूयॉर्कला गेला, हार्लेममध्ये नातलगाकडे उतरला, पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदातला सॅक्सोफोन ऐकून खुळावला. १९३० मध्ये पुन्हा आला, तेव्हा गायक आंतोनियो माचिनला क्यूबन ढंगाचा ट्रम्पेटवाला हवा होता, मिळत नव्हता. बाउसा दोनेक आठवड्यांत ट्रम्पेट शिकून हजर! आता क्लॅरिनेटची जिभली सोडून ट्रम्पेटवर ओठ बसवणं म्हणजे काय, ते कुठल्याही बँडवाल्याला विचारा.

पुढे चिक वेबच्या जॅझ बँडमध्ये तो संगीत दिग्दर्शक झाला, मग कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये गेला. तिथे तरुण ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीला संधी मिळावी म्हणून आजारपणाचं सोंग करून त्याने आपली खुर्ची रिकामी ठेवली, असं सांगतात.

पण माझा खरा मुद्दा १९४३ च्या ‘टांगा’ या त्याच्या रचनेचा. मेहुणा माचितोच्या बँडमध्ये पियानो आणि बासने एक चाल धरली, आणि बाउसा प्रत्येकाचा तुकडा तोंडाने म्हणून दाखवू लागला. क्यूबन संगीताचा पायाभूत ठेका म्हणजे क्लावे: दोन बारांत (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) पाच ठोके, तीन आणि दोन, किंवा उलट. जॅझचा वादक वर कितीही भटको, खालचा हा सांगाडा हलला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. जॅझ आणि क्लावे एकत्र कसं बसवायचं हे तेव्हा कुठल्या शाळेत शिकवणार? मला ‘स्वयंशिक्षित’ म्हणायचं होतं ते एवढ्यासाठी.

राहिला तुमचा तिसरा आक्षेप, की मी डिझीचं श्रेय बाउसाला देऊन टाकलं. १९४७ मध्ये कोंगावादक चानो पोसोला डिझीकडे नेलं ते बाउसानेच, यावर मी ठाम आहे. त्या दोघांच्या ‘मान्तेका’ या रचनेचा मधला भाग मात्र डिझीचा. तिथे तुमच्याशी भांडण नाही.