निदान सुखात तरी राहा

नाशिकला माझ्या ताईचा एक वाचक गट आहे. गंगापूर रोडच्या बाजूचे दहाबारा लोक, महिन्याला एक पुस्तक, चहा आणि मतभेद. ह्या महिन्यात तिथे एका कादंबरीवरून जुंपली आहे. कादंबरी दोन पुरुषांची. एक सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर, दुसरा कॉलेज रोडला गणिताचे क्लास घेणारा. नऊ वर्षं इंदिरानगरला एका घरात राहिलेत आणि आता संसार मोडायला आलाय. ताई मला सगळ्यांचे व्हॉइस मेसेज पाठवते. मी ते इथे नेदरलँड्समध्ये, ऊट्रेख्तला जाताना ट्रेनच्या स्टिल्टेच्या, म्हणजे शांततेच्या डब्यात हेडफोन लावून ऐकतो आणि मनातल्या मनात भांडतो, कारण तिथे तोंड उघडायची सोय नाही.

'असलं काही घरात आणू नका' म्हणणारे गटात दोघं आहेत. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते निदान सरळ बोलतात. माझं डोकं फिरवलं ते उदारमतवाद्यांनी. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, ताईला त्यांच्याविषयी फार आदर. त्या म्हणाल्या, "आमचा विरोध नाही हो. पण एवढं झगडून सगळं मिळवलंत, तर निदान सुखात तरी राहा! ही रडारड कशाला?" त्याला लगेच सात अंगठे आणि दोन पुष्पगुच्छ.

काय मिळवलं, बाई? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की लग्नाचा हक्क मात्र आम्ही देऊ शकत नाही, ते संसदेचं काम. कादंबरीतले दोघे आज कायद्याच्या लेखी एका पत्त्यावर राहणारे दोन इसम आहेत. फ्लॅट सुपरवायझरच्या नावावर, हप्ते दोघांच्या पगारातून. क्लासवाल्याकडे पुरावा काय, तर मोबाइलवरचे पैसे पाठवल्याचे मेसेज आणि प्रत्येकापुढे लिहिलेलं 'घर'. तो एका रात्री ते सगळे मेसेज मागे मागे सरकवत वाचत बसतो. कादंबरीतलं सगळ्यात चांगलं पान ते आहे, आणि गटात त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

नाशिकला कौटुंबिक न्यायालय आहे. तिथे गेलेल्या नवरा-बायकोला समुपदेशकासमोर बसवतात. दोघांच्या संमतीने घटस्फोट मागितला तरी हिंदू विवाह कायदा सहा महिने थांबायला लावतो. २०१७ पासून न्यायालय ती मुदत माफ करू शकतं, पण मुळात ती ठेवलेली आहे. सरकारच म्हणतंय, थांबा, पुन्हा बोलून बघा. आमचा क्लासवाला बॅग भरतो, रिक्षा करतो, द्वारका चौकात पुण्याची बस पकडतो. तासाभरात नऊ वर्षं संपली. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात विचारतात, "सुट्टीला का?" आणि तो म्हणतो, "हो."

कादंबरी थोर आहे असं मी म्हणत नाही. दर भांडणाला गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर येतो, दर दोन प्रकरणांनी नदीपात्रातला दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडतो. एवढा पाऊस पडला असता तर धरणाच्या पाण्यावरून नाशिक आणि मराठवाडा भांडले नसते. पण रडारड? नवरा-बायकोच्या दुःखावर मराठीत पावणेदोनशे वर्षं शाई सांडते आहे. त्यांना कोणी विचारलं नाही की बाबांनो, लग्न करायला मिळालं ना, मग आता काय झालं?

इथे नेदरलँड्समध्ये असं कोणी विचारत नाही. १ एप्रिल २००१, मध्यरात्र, आम्स्टरडॅमचे महापौर योब कोहेन यांनी चार समलिंगी जोडप्यांची लग्नं लावली, जगातली पहिली. ही तारीख नाशिकला गेलो की कुठल्याही विषयात घुसवायची मला खोड आहे, असं ताई म्हणते. आमचं लग्न खेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, सोमवारी सकाळी लागलं, फुकटच्या वेळेत. नवरा डच आहे, विषय संपला. आमच्या गल्लीतल्या दोन बायकांचा घटस्फोट झाला तेव्हा शेजारपाजारची चर्चा एवढीच होती की बाकफिट्स, म्हणजे पुढे खोका असलेली सायकल, कोणाकडे राहणार. त्यांनी कुठल्या चळवळीचं नाक कापलं असं कोणाला वाटलं नाही. रस्ता म्हटला की खड्डे नकोत, पाणी म्हटलं की नळाचं प्यायला मिळावं, आणि लग्न म्हटलं की मोडताही यावं. एवढं साधं आहे ते. नाशिककरांना ह्यातलं काहीच नीट मिळत नाही, पण सल्ले द्यायला सगळे पुढे.

आणखी एका काकांचा मेसेज होता, की ही सगळी परदेशातली थेरं. काका, ऊट्रेख्तच्या डोमप्लेन चौकात जमिनीत एक दगड बसवलाय. १७३० साली ह्याच गावातून पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांची धरपकड सुरू झाली आणि देशभर माणसं मारली गेली, त्यांच्या आठवणीचा. इथल्या मातीत काही आपोआप उगवलेलं नाही. आणि बाईवर प्रेम करणाऱ्या बाईचं नाटक, तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट', मराठी रंगमंचावर आलं तेव्हा मी बालवाडीतही नव्हतो. पुढचा मुद्दा.

पुढचा मुद्दा असा की मी एवढा का चिडलोय.

मागे एका हिवाळ्यात आमचंही मोडत आलं होतं. मी आमर्सफोर्टला एका मैत्रिणीच्या माळ्यावर राहत होतो. इथे रिलेशनथेरपी मूळ विम्यात बसत नाही, आणि थेरपिस्ट बाईंची पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची. तीन आठवडे भांडण जपून ठेवायचं आणि मग ठरल्या वेळी काढायचं. ह्या देशात न ठरवता कोणी कोणाच्या दारात येत नाही, समजूत घालायलासुद्धा नाही.

त्याच सुमारास नाशिकरोडला माझ्या मावसभावाचं आणि वहिनीचं बिनसलं. रविवारी बैठक बसली. मावशी, काका, वहिनीचे आईवडील, आणि मनमाडहून मामा. मामा रेल्वेतून निवृत्त झालेला, त्याचा आवाज फलाट क्रमांक चारपर्यंत जातो. मला व्हिडिओ कॉलवर घेतलं, मोबाइल चिवड्याच्या डब्याला टेकवून. मामाने भावाला सगळ्यांदेखत झापलं, वहिनीला दोन गोष्टी सुनावल्या, मग दोघांना चहा घ्यायला लावला. आणि मला म्हणाला, "तू सांग रे ह्याला. तू बघ कसा तिकडे मजेत आहेस." मी सांगितलं. ऐकून घेत जा, एकमेकांना वेळ द्या, वगैरे. मागे माळ्याचं उतरतं छप्पर दिसत होतं. आईने विचारलं, "खोली बदलली का?" म्हटलं, घरात रंगकाम चाललंय.

घरी सगळ्यांना माहीत आहे, लपवाछपवी नाही. लग्नाचा फोटो आईच्या कपाटात आहे, दाराच्या आतल्या बाजूने, पण आहे. तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तू सुखी आहेस ना? मग झालं." त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षं जगलो. नंतर कधीतरी लक्षात आलं की ते भाडेकरारासारखं आहे, अट शेवटच्या ओळीत आहे. मावसभाऊ दुःखी झाला तर मनमाडहून माणूस येतो. मी दुःखी झालो तर त्याचा अर्थ लावला जाणार: बघा, असल्या गोष्टी टिकत नाहीत. म्हणून रंगपंचमीला नवऱ्याने जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारली तो फोटो मी कुटुंबाच्या गटात टाकला आणि आमर्सफोर्टबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ह्यापुढेही लिहिणार नाही. ज्यांना हे भित्रेपणाचं वाटतं त्यांनी आपल्या मामाला विचारावं, आपल्यासाठी तो किती तिकिटं काढेल.

बाईंचं ते 'निदान सुखात तरी राहा' मला म्हणूनच लागलं. आईनेही प्रेमाने तेच म्हटलं होतं. मुख्याध्यापिका बाईंचंही प्रेमच असेल, ताई तसं शपथेवर सांगते. पण कादंबरीतल्या त्या दोघांना सुखी राहण्याचा आशीर्वाद नकोय. त्यांना कोणीतरी येऊन बसणारा हवाय. सुपरवायझरला 'तुझं चुकलं' म्हणणारा, क्लासवाल्याच्या हातातली बॅग काढून घेणारा. एवढ्या पानांत असा एकही माणूस दारात येत नाही, आणि गटाला प्रश्न पडलाय की ते रडतात का.

आम्ही पुन्हा एकत्र राहतो. कसं जमलं ते इथे लिहीत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि गुरुवारी कचऱ्याचा डबा कोण बाहेर काढणार ह्यावरून अजून वाद होतो.

ताईने काल विचारलं, तिची कादंबरीची प्रत वाचून झालीय, कोणाला देऊ? मी मामाचं नाव सांगितलं. ती हसत सुटली, म्हणाली, मामा पेपर सोडून काही वाचत नाही. मी म्हटलं, तरी दे. वाचलीच, तर तो त्या दोघांपैकी एकाला शिव्या घालणार हे नक्की. कोणाला, ते मला कळायला हवंय.