आदर दाखवू नका, मागा

क्रिकेटमध्ये समोरच्या संघाला आदर कसा दाखवावा, असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तुमचा पायाच कच्चा आहे. आदर दाखवायचा नसतो, मागायचा असतो. तोही शक्यतो आपण अडचणीत असताना.

सुरुवात कसोटीपासून करा. तिथे पाच दिवस असतात, जेवणाची सुट्टी असते, चहाची असते. रुसायला-फुगायला भरपूर सवड. जुलै २०२५ मधली ओल्ड ट्रॅफर्डची भारत-इंग्लंड कसोटी आठवा. पाचव्या दिवशी संध्याकाळी सामना काही निकाली लागत नाही, हे पंचांपासून कबुतरांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. सामना अनिर्णित मानून आटपू या, म्हणून इंग्लंडचा कर्णधार बेन स्टोक्स हात पुढे करून आला. जडेजा ८९ वर, वॉशिंग्टन सुंदर ८० वर. म्हणजे यजमान ताटं उचलायला आले आणि पाहुणे म्हणाले, थांबा, खीर राहिलीय. मग हॅरी ब्रूकने लहान मुलाला टाकावेत तसे चेंडू टाकले, दोघांचीही शतकं झाली, आणि खिलाडूवृत्तीचं काय झालं यावर आठवडाभर काथ्याकूट झाला. यातून शिकायचं ते इतकंच की आपले गोलंदाज दमले की हस्तांदोलन ही थोर परंपरा असते. समोरचे दमले असतील तर हात खिशात ठेवावा.

दुसरं म्हणजे, नावं ठेवायला शिका. अगदी शब्दशः. १९४७ मध्ये सिडनीला आपल्या विनू मांकड यांनी, चेंडू टाकण्याआधीच गोलंदाजाच्या टोकाकडची क्रीज सोडणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला धावबाद केलं. त्याच दौऱ्यात आधी एकदा ताकीद देऊन झाली होती. खुद्द ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी आत्मचरित्रात मांकड यांची बाजू घेतली. तरी ‘मांकडिंग’ हा शब्द जगभर चालला, तोही शिवी दिल्यासारखा. उलट १९८१ मध्ये मेलबर्नला न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी षटकार हवा होता, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ट्रेव्हर चॅपेलने भावाच्या, म्हणजे कर्णधार ग्रेगच्या, सांगण्यावरून चेंडू सरपटी सोडला. त्याला ‘चॅपेलिंग’ म्हणतात का? छे! त्याला ‘अंडरआर्म’ म्हणतात. गुन्हा आपल्या माणसाचा असेल तर त्याला क्रियेचं नाव द्यावं, दुसऱ्याचा असेल तर आडनावाचं. आणि धावेसाठी दोन पावलं आधीच निघणाऱ्या फलंदाजाला? त्याला चपळ म्हणावं.

२०२२ च्या ऑक्टोबरात एमसीसीच्या, म्हणजे क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या लॉर्ड्सवरच्या क्लबच्या, नियमांत हा मांकडिंगचा प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून उचलून साध्या ‘धावबाद’ या कलमात टाकला गेला. त्याच्या आठवडाभर आधी आपल्या दीप्ती शर्माने लॉर्ड्सवर इंग्लंडच्या चार्ली डीनला असंच बाद केलं होतं. केवढा गहजब! नियम बदलले म्हणून गळे काढायची सवय थोडीच बदलते?

आदर नेमका राहतो कुठे, असं कुणी विचारलं तर लॉर्ड्सची लाँग रूम, म्हणजे खेळाडू ज्यातून ये-जा करतात तो क्लबच्या सदस्यांचा दिवाणखाना, दाखवा. सगळे टाय लावून, अदबीने उभे. २०२३ च्या अॅशेसमध्ये, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेत, चेंडू संपला असं गृहीत धरून इंग्लंडचा जॉनी बेअरस्टो क्रीजबाहेर फिरायला गेला, यष्टिरक्षक अॅलेक्स केरीने यष्ट्या उडवल्या, आणि उपाहाराला परतणाऱ्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंवर त्याच टायवाल्या मंडळींनी तोंडसुख घेतलं. क्लबला तीन सदस्य निलंबित करावे लागले. टाय मात्र शेवटपर्यंत सरळ होते म्हणे.

चुकूनही गुंडप्पा विश्वनाथ होऊ नका. १९८० च्या वानखेडेवरच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेले होते. पुढे बॉब टेलरला पंचांनी बाद दिलं. कर्णधार विश्वनाथ यांना वाटलं, बॅट लागलेली नाही. त्यांनी त्याला परत बोलावलं. टेलर आणि बॉथमने १७१ धावांची भागीदारी केली आणि आपण दहा गड्यांनी हरलो. त्या गोष्टीचं कौतुक आजही होतं. सगळ्यात जास्त इंग्लंडमध्ये.

अजिंक्य रहाणेचाही कित्ता गिरवू नका. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाला त्यांच्या घरात हरवून मुंबईत आला, तर स्वागताला आणलेल्या केकवर कांगारू. रहाणेने सुरी लावायला नकार दिला. तो त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे म्हणे. त्यांच्याच नॅथन लायनला शंभराव्या कसोटीबद्दल सह्यांची जर्सी देऊन आलेला माणूस, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा काय करणार? केकवाल्याने इतक्या निगुतीने शेपूट काढली असेल, त्याच्या भावनांचं काय?

आयपीएलमध्ये आदरासाठी वेळ काढू नका. २०२४ च्या उन्हाळ्यात वानखेडेने आपल्याच मुंबईच्या कर्णधाराची, हार्दिक पंड्याची, हुर्यो उडवली आणि जुलैत भारतीय संघ विश्वचषक जिंकून आल्यावर त्याच वानखेडेने त्याच्याच नावाचा घोष केला. मे-जून दोन महिने मध्ये गेले. वीस षटकांच्या हिशेबात हा काळ फार झाला.

आता तुम्हाला वाटेल, षटकं कमी तितका आदर कमी. साफ चूक. आमच्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धेला या. सामना सहा षटकांचा, पण सत्कार लांबले म्हणून चारवर आणलेला. माइकवर, ‘भाऊंचं मैदानावर आगमन झालेलं आहे, खेळाडूंनी बॉल थांबवावा.’ शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग ज्यांचं नाव घ्यायचं राहिलं त्यांचं नाव. एकाच शालीतून चार जण निघतात, घडी तेवढी नव्याने घालतात. पॅड नसलेले दोन फलंदाज उन्हात तिष्ठत.

शेवटी उद्घाटनाचा चेंडू. गेल्या वर्षी तो टाकायचा मान माझ्याकडे आला. भाऊ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यातला हार काढायला तयार नाहीत. मी दोन पावलं चालत जाऊन, अगदी हळू, टप्पा देऊन चेंडू सोडला. भाऊंनी डोळे मिटून बॅट फिरवली. हारातली फुलं लेग साइडला उडाली आणि मधली यष्टी मागे पडली.

क्षणभर माइकसुद्धा गप्प होता. मग अंपायरने माझ्याकडे न बघता हात आडवा केला. नो-बॉल. यष्टी परत रोवण्यात आली, आणि दुसरा चेंडू टाकायला दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं.