अपॉइंटमेंट मिळेपर्यंतचे महिने

मुलाला खाण्याची ॲलर्जी असल्याचा संशय आला की आईवडिलांच्या हातात चिठ्ठी पडते, 'ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवा'. फोन केला की तारीख मिळते कित्येक महिन्यांनंतरची. तोवर काय करायचं, असं विचारलं की उत्तर येतं, "तोवर तो पदार्थ देऊ नका."

एवढंच सांगून मूल घरी पाठवणं हे अर्धवट काम आहे, असं माझं ठाम मत आहे. तज्ज्ञ कमी आहेत, रांग मोठी आहे, हे मला कळतं. पण पुढची रिॲक्शन कुणाच्या तारखेसाठी थांबत नाही. आणि या मधल्या काळात मुलाला सुरक्षित ठेवायला जे लागतं, त्यातलं बहुतेक सगळं नेहमीचे बालरोगतज्ज्ञ पहिल्याच दिवशी देऊ शकतात. आपण ते मागायला हवं. माझ्या लेकाला अंडं आणि शेंगदाणा दोन्ही चालत नाही, आम्हीही त्या रांगेत होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी मागायचा तो एक कागद. मुलाचं नाव, वजन, फोटो, कशाची ॲलर्जी, कोणती लक्षणं दिसली तर काय करायचं आणि कुणाला फोन करायचा, हे सगळं एका पानावर, डॉक्टरांच्या सहीनिशी. हा कागद आपल्यासाठी कमी आणि इतरांसाठी जास्त असतो. आजी, शिक्षिका, पाळणाघरातल्या ताई, ज्याच्या वाढदिवसाला मूल जाणार आहे त्याची आई, यांनी घाबरलेल्या अवस्थेत तो वाचून योग्य गोष्ट करायची असते. तोंडी सूचना अशा वेळी कुणालाच आठवत नाहीत.

त्या कागदावर दोन भाग हवेत. अंगावर थोड्या गांधी, तोंडाभोवती पुरळ, ओठ किंचित सुजलेले, एखादी उलटी हा सौम्य भाग. इथे डॉक्टरांनी सांगितलेलं अँटीहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरचं नेहमीचं तोंडाने घ्यायचं औषध, द्यायचं आणि मुलाला नजरेआड करायचं नाही. दुसरा भाग म्हणजे श्वास घरघरणं, सतत खोकला, आवाज बसणं, गिळता न येणं, जीभ सुजणं, मूल एकदम पांढरं पडणं, मलूल होणं. हा ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी रिॲक्शन. इथे औषध एकच, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. गरज पडली तर कपड्यावरूनसुद्धा.

याबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. "पित्त उठलंय, गोळी दिलीये, अर्धा तास बघू" हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय. अँटीहिस्टामिनने खाज कमी होते, गांधी बसतात. त्याने आवळलेली श्वासनलिका मोकळी होत नाही आणि पडलेलं ब्लड प्रेशर वर येत नाही. उलट अंगावरचं लाल कमी झालेलं दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये त्वचेवर काहीच न दिसणं हेही शक्य असतं. म्हणून श्वासाचं किंवा शुद्धीचं लक्षण दिसलं की आधी इंजेक्शन, मग ॲम्ब्युलन्सला फोन. मुलाला आडवं झोपवायचं, पाय थोडे वर ठेवायचे. श्वास लागत असेल तर बसू द्यायचं, पण उभं करायचं नाही, चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस, म्हणून जवळ दोन हवेत. आणि मूल सावरलं तरी हॉस्पिटलमध्ये जायचंच, कारण काही मुलांमध्ये लक्षणं काही तासांनी परत येतात.

ॲड्रेनलिनची चिठ्ठी तज्ज्ञच देतील, असं समजून थांबू नका. आधी तीव्र रिॲक्शन येऊन गेली असेल किंवा मुलाला दमा असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी याबद्दल बोला. डोस वजनावर ठरतो, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, त्यामुळे वाढत्या मुलाचं वजन बदललं की कागदही बदलायचा. ॲड्रेनलिनचं पेन (मांडीवर दाबलं की ठरलेला डोस देणारं तयार इंजेक्शन) मिळत नसेल तर सिरिंजमध्ये औषध कसं भरायचं, किती भरायचं, हे डॉक्टरांसमोर बसून हाताने करून शिकायचं. पेन असेल तर सरावाचं, सुई नसलेलं पेन मागून घ्या. आमच्या लेकाच्या शिक्षिकेने ते स्वतःच्या मांडीवर दाबून पाहिलं, मोठ्याने आकडे मोजले, मग म्हणाल्या, "आता माझा हात थरथरणार नाही." त्यानंतर मी त्याला निश्चिंतपणे शाळेत सोडू लागले. (सरावाचं पेन आणि खरं पेन चुकूनही एकाच पिशवीत ठेवू नका.)

दम्याचं थोडक्यात सांगते. ताब्यात नसलेला दमा अन्नाची रिॲक्शन जास्त धोकादायक करतो. इन्हेलर लिहून दिलेला असेल तर तो या काळात चुकवू नका.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. वाट बघताना भीती वाढत जाते आणि ताटातले पदार्थ कमी होत जातात. आधी अंडं बंद, मग दूध, मग गहू, मग कुणी म्हणालं म्हणून मासे. मूल जे आधी बिनदिक्कत खात होतं तेही बंद. हे सुरक्षित वाटतं, पण नसतं. वाढीवर परिणाम होतो, तो वेगळाच. शिवाय इसब असलेलं मूल एखादा पदार्थ नीट पचवत असताना तो दीर्घकाळ बंद केला, तर परत देताना खरीखुरी ॲलर्जी उभी राहू शकते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली जोखीम असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं सुचवलं होतं. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. मग २०१५ मध्ये 'लीप' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं त्यात होती. ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. तेव्हा धाकट्या भावंडाचे पदार्थ घाबरून पुढे ढकलण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.

बंद करायचं ते ज्याने रिॲक्शन आली तेवढंच, आणि ते मात्र काटेकोरपणे. अंड्याच्या ॲलर्जीची बरीच मुलं केकमध्ये नीट भाजलेलं अंडं पचवतात. तुमचं मूल असं काही आजही खात असेल आणि त्रास होत नसेल, तर तसं डॉक्टरांना सांगा, स्वतःहून थांबवू नका. याच्या उलटही तितकंच खरं. ज्याने त्रास झाला ते "थोडंसं देऊन बघू" म्हणून घरी द्यायचं नाही. ती परीक्षा दवाखान्यातच.

या काळात आईवडील हमखास अडकतात ते मोठमोठ्या तपासण्यांत. एकदम शंभर पदार्थांची ॲलर्जी तपासणारं पॅनल, आयजीजी या अँटीबॉडीची रक्ततपासणी. आयजीजी त्या पदार्थाशी शरीराची ओळख झाल्याचं दाखवतं, ॲलर्जीचं नाही, आणि ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी करू नका असंच सांगतात. ॲलर्जीशी संबंधित अँटीबॉडी असते ती आयजीई, पण तिची तपासणी पॉझिटिव्ह आली तरी प्रत्यक्ष खाल्ल्यावर काय होतं, हे त्यावरून ठरत नाही. तपासणीच्या रिपोर्टवरच्या लाल आकड्यांवरून मुलाचं निम्मं ताट रिकामं करणाऱ्यांना बघून मला खरंच वाईट वाटतं.

त्यापेक्षा एक वही ठेवा. काय खाल्लं, किती, कच्चं की भाजलेलं, किती मिनिटांनी काय झालं, काय दिलं, कधी उतरलं. पुरळाचा आणि पाकिटावरच्या लेबलचा फोटो. काही मिनिटांत ते दोन तासांत आलेला त्रास आणि दुसऱ्या दिवशी आलेला त्रास यांची कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या. तज्ज्ञ निदानाची सुरुवात याच माहितीवरून करतात. त्वचेची चाचणी होणार असेल तर अँटीहिस्टामिन किती दिवस आधी थांबवायचं, हे तारीख घेतानाच विचारा, नाहीतर तेवढ्यासाठी नवी तारीख घ्यावी लागते. रिॲक्शन आलीच तर मात्र चाचणीचा विचार न करता औषध द्या.

आणि रांगेत नाव घालून गप्प बसू नका. कुणाची अपॉइंटमेंट रद्द झाली तर आम्ही लगेच येऊ शकतो, असं नोंदवून ठेवा. मधे तीव्र रिॲक्शन आली, इंजेक्शन द्यावं लागलं, दमा बळावला, वजन वाढणं थांबलं, यातलं काहीही झालं तर ज्यांनी चिठ्ठी दिली त्या डॉक्टरांकडे परत जा आणि त्यांच्याकडून तज्ज्ञांना नवं पत्र किंवा थेट फोन करवून घ्या. त्या पत्रात तारीख, पदार्थ आणि लक्षणं स्पष्ट लिहिलेली असू द्या, म्हणजे यादी बघणाऱ्याला हे मूल वर घ्यायला कारण मिळतं.