बेडरूमचा रंग चार्ट बघून ठरवू नका

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्याकडे गोव्यात प्रियोळला घराघरात रंगाचे डबे उघडतात, आणि यंदा तीन मैत्रिणींनी मला तोच तो चार्ट पाठवलाय. निळा म्हणजे शांत झोप, हिरवा म्हणजे ताजेपणा, लाल म्हणजे भांडणं, पिवळा म्हणजे बेचैनी. कृपा करून त्यावरून रंग घेऊ नका. गेल्या वर्षी आम्ही घेतला होता.

माई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांची खोली. शेडकार्डवर तो फिकट निळा-राखाडी इतका सुंदर दिसत होता, मे महिन्यात लावला तेव्हाही छान वाटला. मग पाऊस लागला. त्या खोलीला एकच खिडकी, ती कुळागराकडे, म्हणजे पोफळी, केळी, मिरवेली यांच्या बागेतून गाळून जो काय उजेड येतो तो आधीच हिरवट आणि थोडा, त्यात जुलैचं आभाळ, आणि ती भिंत दुपारी दोन वाजता ओल्या सिमेंटसारखी दिसायला लागली. माई रोज त्या खिडकीशी बसून अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करायच्या, त्यांनी आठवड्याभरात खुर्ची सोप्यावर नेली. मी विचारलं तर म्हणाल्या, "आत दिवस मावळल्यासारखा वाटतो गो." ७८ वर्षांच्या बाईला आम्ही तिच्याच खोलीतून उठवलं, मला ते फार लागलं.

मग मी वाचायला बसले. रंगाचा मनावर परिणाम होत नाही असं मी अजिबात म्हणत नाही, होतो, पण चार्टमध्ये असतो तसा नाही. १९९४ साली वाल्डेझ आणि मेहराबियन या मानसशास्त्राच्या संशोधकांचा अभ्यास आला होता, त्यात निळा की पिवळा यापेक्षा रंग किती उजळ आणि किती गडद-भडक आहे याचा भावनांवर जास्त परिणाम दिसला. म्हणजे नुसतं "निळा" म्हणून काही सांगितलंच जात नाही. नीळ घातलेला चुना पण निळाच आणि आमची ती मेलेली राखाडी पण निळीच! आणि तो तुरुंगातला गुलाबी रंग ऐकला असेल, १९७९ ला अमेरिकेत सिएटलच्या नौदलाच्या तुरुंगात लावला आणि कैदी शांत झाले म्हणून जगभर गाजला, पण पुढे स्वित्झर्लंडच्या तुरुंगात नीट तपासलं तेव्हा तसं काही आढळलं नाही.

शिवाय रंगाचा अर्थ माणसागणिक बदलतो. आमच्या शेजारच्या वाड्यावर ख्रिश्चन नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये चर्चला जाते आणि दुखवट्याला काळं घालतात, आमच्याकडे मर्तिकाला पांढरं नेसून जातात आणि संक्रांतीला हौसेनं काळी साडी. एकाच गावात ही गोष्ट, मग चार्ट कुणाच्या हिशोबाने बनवायचा?

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते दिव्याकडे. खोली अंधारी वाटते म्हणून घरच्यांनी तिथे ६५०० केल्विनची (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका मोठा तितका उजेड निळसर) पांढरीफटक ट्यूब लावली, त्याने भिंत आणखी गार दिसायला लागली, आणि वरून माईंना झोप उशिरा यायला लागली. डोळ्यात काही पेशी असतात, त्या साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात आणि मेंदूला सांगतात की अजून दिवस आहे. भिंत निळी करून झोप येईल म्हणायचं आणि डोक्यावर तसला दिवा जाळायचा, हे कसं चालेल. तो काढून २७०० चा पिवळसर बल्ब लावला, झोपायच्या खोलीत एवढं एक केलं तरी फरक पडतो.

रंगाचा प्रश्न मात्र पेंटरनेच सोडवला. म्हणाला, "वयनी, रंग कागदार न्हय, वणटीर पळोवचो." म्हणजे कागदावर नाही, भिंतीवर बघायचा. दोन-दोन फुटांचे तीन पट्टे मारले, प्रत्येकी दोन कोट, पूर्ण वाळू दिले, कारण ओला असताना वेगळाच दिसतो. मग सकाळी सातला, दुपारी चारला आणि रात्री बल्बखाली बघितले. जो बदामी मला कार्डवर आवडला होता तो कुळागराच्या उजेडात मळकट हिरवा झाला, पांढरा तर शेवाळी. हळदीच्या दुधासारखा फिकट पिवळा तेवढा उबदार राहिला, माईंनीच बोट दाखवलं. कार्डपेक्षा अख्ख्या भिंतीवर रंग जास्त चढतो म्हणून त्यातली एक शेड फिकीच घेतली. चार्टप्रमाणे हा बेचैनीचा रंग, लक्षात घ्या. माईंची खुर्ची आता परत खिडकीशी आहे.

आणि एक, आपल्या चिऱ्याच्या भिंतींना खालून ओल चढत असेल, लोणा सुटत असेल, तर आधी ती बघा. बुरशीवर कुठलाही शांत रंग चालत नाही.

आता मुलाची खोली आहे. बारावीत आहे, त्याला एक भिंत गर्द निळी, जवळजवळ काळी हवीये, आजोळी सगळे नको म्हणतात, अभ्यास होणार नाही म्हणतात. झोपणारा तो आहे, पलंगाच्या डोक्यामागची भिंत आहे, पडल्यावर त्याला दिसणार पण नाही. मी पेंटरला सांगितलंय, सगळ्यात छोटा डबा आण, आधी दोन फूट मारू आणि चार दिवस तसंच ठेवू.