थंड हवेचं ठिकाण, बॉनेटखाली

तर तुम्ही ठरवलंय. घरी बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, हप्ते अजून चालू, घर ते ऑफिस अकरा किलोमीटर आणि त्यात चौदा सिग्नल. अशा गाडीला कोल्ड एअर इनटेकची, म्हणजे इंजिनला बाहेरची थंड हवा पाजणाऱ्या पाइप-फिल्टरच्या किटची, किती गरज असते हे मी सांगायला नको. मला दोन वर्षांपूर्वी अशीच सद्बुद्धी झाली होती, त्यामुळे थोडं मार्गदर्शन करायचा अधिकार आपोआप आला आहे.

आधी शास्त्र. हवा जितकी थंड तितकी दाट. दर दहा अंशांना साधारण तीन टक्क्यांचा फरक पडतो. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे हवा दाट, तर पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. हे शब्दन् शब्द खरं आहे. एवढं वाचून थांबा. पुढे वाचत गेलात तर किट घेणं होत नाही, असा अनुभव आहे.

खोकं घरी येईल. त्यात चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा वाकडा पाइप, लाल रंगाचा शंकूसारखा फिल्टर, रबरी जोड, चार होज क्लिपा आणि एक स्टिकर. स्टिकर सगळ्यात आधी लावून घ्या, कारण खोक्यातली खात्रीने काम करणारी वस्तू तीच. खोक्यावर ‘सर्व गाड्यांना बसतो’ असं लिहिलेलं असतं. सर्व गाड्यांना बसणारी पायपुसणी मी पाहिली आहेत, त्यामुळे या वाक्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. आत एक माहितीपत्रकही निघेल. त्यातल्या चित्रात स्टिअरिंग डावीकडे असेल, म्हणजे तुमच्या गाडीत जे इकडे ते चित्रात तिकडे. पत्रक आरशासमोर धरा.

मुहूर्त रविवारी सकाळी नऊचा. जागा सोसायटीचं पार्किंग. हत्यारं फार लागत नाहीत: दहाचा टी-पाना, एक मोठा आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर, जुनं बनियन. बॉनेट वर केलं की पाच मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली येतील. त्यांना बोलावावं लागत नाही.

“काय रे, बंद पडली?”

“नाही काका, पिकअप वाढवतोय.”

“का? कुठं जायचंय?”

या प्रश्नाची तयारी घरून करून जा. मी केली नव्हती.

आता कंपनीने दिलेला एअर फिल्टरचा काळा डबा काढायचा आहे. तो प्लास्टिकचा आहे, कुरूप आहे आणि त्याच्यावर कोणाचंही स्टिकर नाही, एवढा गुन्हा त्याला पुरेसा आहे. वरच्या क्लिपा उघडा, दहाचे बोल्ट सोडवा. एक बोल्ट सुटताना टणटण करत खाली जाईल आणि जमिनीवर येणार नाही. गाडीखाली आडवे पडून शोधायची गरज नाही. तो खालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर विसावला आहे आणि यापुढे प्रत्येक गतिरोधकावर आपली खुशाली कळवत राहील. मग सेन्सरचा कनेक्टर. त्याची बारीक जीभ दाबून तो अलगद काढायचा असतो. पाच वर्षं इंजिनच्या धगीत भाजून ती जीभ खारी बिस्किटासारखी झालेली असते. ‘टक्’ असा आवाज आला की कनेक्टर निघाला असं समजा. तो परत बसेल की नाही, हा पुढचा विषय.

डब्याला पुढच्या बाजूला एक चपटं नाक असतं. ते कुठं जातं हे कृपा करून पाहू नका. मी पाहिलं. ते बॅटरीच्या कडेने निघून थेट पुढच्या जाळीमागे उघडत होतं, बाहेरच्या वाऱ्यावर. म्हणजे कारखान्यातल्या कोणा इंजिनिअरने माझ्या गाडीला कोल्ड एअर इनटेक आधीच बसवून दिला होता आणि शोरूममधल्या किमतीत तो धरलेला होता. अशा क्षणी माणसाचं मन डळमळू शकतं. म्हणून नाक पटकन काढा आणि पोत्यात टाका. वाटेत पाइपला चिकटलेली एक रिकामी डबी दिसेल. तिच्यात काहीही नसतं, हवासुद्धा तिच्यात जाऊन परत येते. ती आवाज गिळायला ठेवलेली असते. तीही पोत्यात.

इंजिनकडे जाणाऱ्या उघड्या तोंडात काही पडू नये म्हणून तिथं बनियनचा बोळा कोंबा. हा या लेखातला एकमेव प्रामाणिक सल्ला आहे. नट किंवा वायसर आत गेला तर इंजिन तो चावून खातं आणि बिल तुमच्या नावाने फाडतं. बोळा काढायला विसरू नका, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. वीस मिनिटं सेल्फ मारून बॅटरी उतरली, तेव्हा काकांनीच विचारलं, “तुझं ते बनियन दिसत नाही रे कुठं?”

पाइप बसवताना तुमच्या लक्षात येईल की शंकू नेमका रेडिएटरच्या मागे, एक्झॉस्टच्या शेजारी येतो. दुसरीकडे जागाच नसते. गाडी सिग्नलला उभी राहिली की बॉनेटखालचं तापमान साठ अंशांवर सहज जातं. बाहेर तीस आणि आत साठ, म्हणजे आत ओढली जाणारी हवा नऊ टक्क्यांनी विरळ. जुनं नाक बाहेरची हवा पीत होतं. नवं, पॉलिश केलेलं, भारी किमतीचं नाक चुलीवर धरलं आहे. घाबरू नका. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापा आणि आडोसा करा. माझ्या आडोशावर सूर्यफुलाचं मोठं चित्र होतं. ते बाहेरच्या बाजूला ठेवलं, तेवढीच शोभा.

आणि मग गाडी सुरू करा. दुसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबा.

घूऽऽऽ!

अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं त्या रिकाम्या डबीने दाबून ठेवलेला इंजिनचा श्वास मोकळा होतो आणि आपली गाडी रोज भाजीच्या पिशव्या वाहते हे तिला स्वतःला पटेनासं होतं. पैसे वसूल होतात ते इथं. पिकअप कानाने मोजायचा असतो. घड्याळ लावून, त्याच रस्त्यावर, आधी आणि नंतर अशी तुलना करणारी माणसं रसिक नसतात.

शहरात पाय पूर्ण दाबायची वेळ येतच नाही, ही अडचण आहे. गर्दीत आपण अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम टेकवतो. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप किलकिली असते आणि हवेची खरी अडवणूक तिथंच चाललेली असते. घराचं दार बोटभर उघडं ठेवून बाहेर अंगण वाढवावं, तसं हे आहे. पण घूऽऽ ऐकायची सवय लागते. मग माणूस उगाच पाय दाबतो. माझं अ‍ॅव्हरेज महिन्याभरात दीडने पडलं. पाइपचा त्यात काही दोष नाही. दोष पायाचा.

धुळीची काळजी करू नका. बाराशे सीसीचं इंजिन तीन हजार आरपीएमला मिनिटाला अठराशे लिटरपर्यंत हवा ओढतं. पुण्यात खणलेल्या रस्त्यांची संख्या पाहता त्यात थोडी मातीही जाणार. कारखान्यातला कागदी फिल्टर ती अडवतो, घाण झाला की टाकून द्यायचा, संपलं. नव्या जाळीदार फिल्टरला धुवावं लागतं, सावलीत वाळवावं लागतं, वर नेमकं तेल चोपडावं लागतं. तेल कमी पडलं तर माती आत जाऊन सिलिंडर घासते. जास्त झालं, तर ज्या गाड्यांत हवा मोजणारी बारीक तार असते तिच्यावर तेल बसतं आणि समोर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. डोक्याला तेल लावण्याचा ज्यांना सराव आहे त्यांना अंदाज येईल.

धग नको म्हणून काहीजण लांब पाइपचं किट घेतात आणि फिल्टर थेट खाली, बंपरच्या आत नेतात. हवा तिथं खरोखर थंड मिळते. जून ते सप्टेंबर पाणीही थंड मिळतं. ते फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलं की हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन मात्र वर यायचं सोडत नाही. मग पिस्टनला वर ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, पण तुम्हाला तेवढा लागणार नाही. नाल्याशेजारचं एक बरं डबकं पुरतं. विम्यात इंजिनसाठी वेगळी जोडणी घेतली नसेल, तर सर्व्हेअर तो लाल शंकू कसा प्रेमाने हातात धरून फोटो काढतो, ते एकदा पाहण्यासारखं असतं.

कायद्याचंही जाता जाता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. तुमचा पाइप त्यात बसतो की नाही, हा वाद चौकात हवालदारासमोर घालायला उत्तम विषय आहे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून साथ देतात.

शेवटी माझी गाडी नेहमीच्या मेकॅनिककडे गेली. त्याने बॉनेट उघडलं, सूर्यफुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, “साहेब, जुना डबा फेकला तर नाही ना?” तो माळ्यावर होता, गणपतीच्या मखराशेजारी. डबा बसवायला त्याला बारा मिनिटं लागली. तुटलेल्या कनेक्टरला त्याने टाय मारला आणि खालच्या पत्र्यावरून तो बोल्टही काढून हातात दिला.

पिकअपची हौस तरीही उरली असेल, तर एक बिनखर्चाचा उपाय आहे. महाबळेश्वरला मात्र जाऊ नका. शाळेच्या पुस्तकात ते थंड हवेचं ठिकाण असलं तरी साधारण १,३७० मीटरवर आहे आणि तिथं हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. तिथं इंजिनला धाप लागते. पुणंसुद्धा ५६० मीटरवर असल्याने सहाएक टक्के मागेच आहे. तेव्हा डिसेंबरातल्या पहाटे निघा, ताम्हिणी उतरा, माणगाव गाठा. एक पाना न फिरवता इंजिनला तेवढी जास्त हवा मिळायला लागते. परत येताना घाटात ती परत करावी लागते, पण तोवर जेवण झालेलं असतं.

गेल्या हिवाळ्यात मी तसाच पहाटे डिकी भरत होतो. काका दूध घेऊन येत होते.

“आता कुठं?”

“हरिहरेश्वर, काका.” दोन वर्षांनी का होईना, उत्तर तयार होतं.

“मग येताना सोडे आण अर्धा किलो. तेवढ्याने काही तुझा पिकअप पडत नाही.”