चोर म्हणण्याआधी कलम ५२ वाचा

'झेरॉक्स काढून वर्गात वाटणारा शिक्षक चोरच' हे कॉपीराइटवरच्या एका लेखातलं वाक्य वाचून आधी हसू आलं, मग चिडचिड झाली. मी मुंबईतल्या एका कॉलेजात एम.ए.ला शिकवतो. पोरं विरार-अंबरनाथहून लोकलने लटकत येतात. चार हजारांच्या परदेशी पुस्तकातलं एकच प्रकरण लागतं. लायब्ररीत प्रत एक, तीही शिवण उसवलेली. झेरॉक्सवर दोन पानांच्या मधोमध तो काळा पट्टा येतो आणि नेमके तिथलेच शब्द गिळतो.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शिकवण्याच्या ओघात अशी नक्कल करू देतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशकांनी २०१२मध्ये दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या झेरॉक्सवाल्यावर दावा लावला होता. २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. पुढे त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा खुले केले खरे, पण किती पानं हे शिकवण्याची गरज ठरवेल, असंच म्हटलं. २०१७मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. (निकाल दिल्लीचा, मुंबईत बंधनकारक नाही, पण कलम तेच ना!)

मराठी पुस्तकाचं मात्र मला वेगळं वाटतं. अडीचशे रुपये किंमत, छोटी आवृत्ती. गेल्या वर्षी एकाने अख्खा कवितासंग्रह स्कॅन करून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मी काढायला लावला. "सर, तुम्हीही झेरॉक्स देताच की," म्हणाला. तेव्हा काही नीट सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दादरहून तीन प्रती आणल्या आणि वर्गात फिरवल्या. दोन परत आल्या.