हेडफोनच्या बजेटमधून अ‍ॅम्पसाठी पैसे बाजूला काढू नका

मला वरचेवर विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, बजेट कमी आहे, त्यात हेडफोन कुठला घेऊ आणि सोबत छोटा पोर्टेबल अ‍ॅम्प (हेडफोनला जास्त ताकद देणारं वेगळं यंत्र) कुठला घेऊ. आणि विचारतानाच मनात वाटणी झालेली असते, निम्मे पैसे हेडफोनला, निम्मे अ‍ॅम्पला, कारण कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं असतं की अ‍ॅम्पशिवाय चांगला हेडफोन "खुलत" नाही. ही वाटणीच मला मान्य नाही. माझं म्हणणं असं की सगळं बजेट आधी हेडफोनला द्या, अ‍ॅम्पचा विचार त्यानंतर, आणि तोसुद्धा गणित करून. बऱ्याच जणांना त्या गणितानंतर अ‍ॅम्प लागतच नाही.

कारण सांगते. दोन वेगवेगळे हेडफोन घ्या, एकाच गाण्यावर त्यांच्या आवाजात कुठे बेसला, कुठे व्होकलच्या भागात, कुठे वरच्या ट्रेबलला सहज पाच-सात डेसिबलचा फरक असतो, कधी दहाचा. म्हणजे एकात गायक समोर उभा राहून गातोय असं वाटेल आणि दुसऱ्यात तोच गायक पडद्यामागे जाईल. आता दोन बऱ्यापैकी अ‍ॅम्प घ्या, दोन्ही त्यांच्या ताकदीच्या आत चालवा, आवाज नीट मोजून सारखा करा, तर फरक डेसिबलच्या बारीक अंशात राहतो, बहुतेकांना डोळे मिटून ओळखता येणार नाही इतका. मग ज्याने आवाज ठरतो त्याच्यावर पैसे घालायचे की ज्याने जवळपास काहीच बदलत नाही त्याच्यावर?

"पण मी अ‍ॅम्प लावला आणि खरंच फरक पडला हो" असं सांगणारे खूप भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. फरक पडतो, पण तो बहुतेक वेळा आवाज वाढल्याचा असतो. आपल्या कानाचं असंच आहे, तीच गोष्ट जेमतेम अर्धा-एक डेसिबल मोठ्याने ऐकवली तर ती आपल्याला "मोठी" वाटत नाही, "चांगली" वाटते, जास्त मोकळी, जास्त भरीव. त्यामुळे फोन आणि अ‍ॅम्प यांची तुलना करायची तर आधी दोन्हीकडे आवाज सारखा करा, मग कोणालातरी अदलाबदल करायला सांगा आणि तुम्ही न बघता ओळखा. हे न करता काढलेल्या कुठल्याही निष्कर्षावर मी तरी पैसे लावणार नाही.

आता गणित, घाबरू नका, सोपं आहे. हेडफोनच्या बॉक्सवर दोन आकडे असतात, इम्पिडन्स ओहममध्ये आणि सेन्सिटिव्हिटी डेसिबलमध्ये. लोक फक्त ओहम बघतात आणि ठरवून टाकतात की ३२ ओहम म्हणजे फोनवर चालेल, २५० ओहम म्हणजे अ‍ॅम्प पाहिजे. अर्धवट आहे हे. ओहमवरून एवढंच कळतं की अमुक व्होल्टेजला हेडफोन किती करंट घेईल, किती पॉवर घेईल. त्या पॉवरमधून आवाज किती निघेल ते सेन्सिटिव्हिटी सांगते, आणि दोन्ही आकडे एकत्र धरल्याशिवाय काहीच कळत नाही.

समजा तुमच्या फोनमधून किंवा डोंगलमधून (फोनच्या चार्जिंग पोर्टला लावायचा हेडफोन-जॅकचा छोटा अ‍ॅडॉप्टर) जास्तीत जास्त १ व्होल्ट निघतो. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून साधारण ३१ मिलीवॉट मिळतात (व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम, बस). त्याची सेन्सिटिव्हिटी १ मिलीवॉटला १०० डेसिबल असेल तर ३१ मिलीवॉटला ११५ डेसिबल होतात. ११५ म्हणजे कानाला इजा करणारा आवाज आहे, तुम्हाला तेवढा कधीच नको. इथे अ‍ॅम्प घेऊन काय मिळवणार? आता बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो बघा, हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो. २५० ओहमवाल्याला १ व्होल्टमधून ४ मिलीवॉट मिळतात, सेन्सिटिव्हिटी ९६ धरली तर १०२ डेसिबलपर्यंत जातो. आजकालच्या दाबून मोठ्या केलेल्या गाण्यांना हे पुरून उरतं. पण ज्या रेकॉर्डिंगमध्ये सरासरी आवाज सगळ्यात मोठ्या क्षणापेक्षा २० डेसिबलने खाली असतो, म्हणजे ऑर्केस्ट्रा किंवा विलंबित ख्याल, तिथे सरासरी ८२ च्या आसपास येते आणि काही जणांना व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेऊनही "अजून थोडं पाहिजे होतं" असं वाटू शकतं. म्हणजे २५० ओहमलासुद्धा उत्तर सरळ "हो, घ्या" असं नाही, तुम्ही काय ऐकता आणि किती मोठ्याने ऐकता त्यावर आहे.

उलटं उदाहरण हायफायमनच्या एचई-६ चं, हा प्लेनर मॅग्नेटिक हेडफोन आहे, म्हणजे चुंबकांपुढे ताणलेला सपाट पातळ पडदा आवाज काढतो. ओहम फक्त ५०, वाटेल की फोनवर उडेल. पण सेन्सिटिव्हिटी १ मिलीवॉटला ८३.५ डेसिबल. म्हणजे ११० डेसिबलचे क्षण नीट वाजवायचे तर जवळजवळ साडेचारशे मिलीवॉट लागतात. फोन त्याच्या आसपासही जात नाही. हा अगदी टोकाचा नमुना झाला, नवीन बजेट प्लेनर मॅग्नेटिक हेडफोन इतके हट्टी नाहीत, तरी प्लेनर घेणार असाल तर ओहमच्या लहान आकड्याला भुलू नका.

आणि इथे एक मोठी गफलत होते, ती नक्की लक्षात ठेवा. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ मिलीवॉटला किती ते लिहितात, काही १ व्होल्टला किती ते लिहितात, आणि काही नुसतंच "डेसिबल" लिहून मोकळ्या होतात. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करताच येत नाही. एकेजीचा के७०१ घ्या, ६२ ओहम, १ व्होल्टला १०५ डेसिबल. नुसतं १०५ वाचून माणूस म्हणेल अरे वा, भलताच सेन्सिटिव्ह आहे. पण तोच आकडा मिलीवॉटमध्ये ९३ होतो! ३२ ओहमला या दोन मापांत १५ डेसिबलचा फरक पडतो, १६ ओहमला १८ चा. ऑनलाइन वाद घालणारे निम्मे लोक वेगवेगळ्या मापातले आकडे घेऊन भांडत असतात असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं, फोनचा जॅक कुठे राहिलाय आता. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून तो गेला आणि मग एकेक करून बाकीच्या बऱ्याच जणांनीही काढला. म्हणजे तुमच्या फोनला जॅक नसेल तर डोंगल लागणारच, आणि डोंगल म्हणजे नुसती वायर नाही, त्याच्या आत छोटा डॅक (डिजिटल गाण्याचा हेडफोनला चालणारा सिग्नल करणारी चिप) आणि छोटा अ‍ॅम्प दोन्ही असतात. म्हणजे "पोर्टेबल अ‍ॅम्प घेऊ का" विचारणाऱ्या बऱ्याच जणांच्या खिशात तो आधीपासून आहे. अ‍ॅपलचा साधा डोंगल जवळपास १ व्होल्ट देतो आणि स्वच्छ देतो, मोजमापं बघितली तर त्याच्या कितीतरी पट महाग वस्तूंच्या बरोबरीने बसतो. दोन गोष्टी मात्र बघून घ्या. त्याचं युरोपात विकलं जाणारं मॉडेल साधारण अर्धाच व्होल्ट देतं, म्हणजे ६ डेसिबल कमी, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर या डोंगलचा व्हॉल्यूम पूर्ण उघडतच नाही, मग लोक म्हणतात डोंगल कमजोर आहे. अँड्रॉइडवाल्यांनी त्यापेक्षा २ व्होल्ट देणारा दुसरा कुठलातरी डोंगल घ्यावा, १ व्होल्टच्या तुलनेत ६ डेसिबल जास्त मिळतात आणि वर सांगितलेला २५० ओहमवाला हेडफोनसुद्धा आरामात चालतो.

४.४ एमएमच्या बॅलन्स्ड जॅकबद्दल (काही अ‍ॅम्प-डोंगलवर असतो तो दुसरा, जाडसर जॅक) थोडक्यात. त्यातून व्होल्टेज जास्त मिळतं, बहुतेक वेळा दुप्पट. बस, एवढंच. आवाजाचा दर्जा बॅलन्स्ड आहे म्हणून बदलत नाही, आणि त्यासाठी वेगळी केबल घ्यावी लागते. कमी बजेटमध्ये याच्या नादी लागू नका.

अ‍ॅम्पचा आवाजावर खरोखर परिणाम होतो अशी एक जागा आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, ती म्हणजे आउटपुट इम्पिडन्स. अ‍ॅम्पचा स्वतःचा इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा असा ढोबळ नियम आहे. तो जास्त असला की हेडफोनचा इम्पिडन्स जिथे जिथे वरखाली होतो तिथे तिथे आवाजही वरखाली होतो, ३०० ओहमच्या डायनॅमिक (नेहमीच्या कॉइल-पडद्याच्या) हेडफोनला बेसमध्ये फुगवटा येतो, आणि एकापेक्षा जास्त ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या भागांच्या) आयईएमचा, म्हणजे कानात घालायच्या इअरफोनचा, तर तोंडवळाच बदलतो. १९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोन आउटपुटसाठी चक्क १२० ओहम सुचवलेले होते, जुन्या साउंड सिस्टीमच्या जॅकवर आजचे लो-ओहम हेडफोन गढूळ वाजतात त्यामागे हेही एक कारण असतं. त्यामुळे अ‍ॅम्प घ्यायची वेळ आलीच तर वॉटचे आकडे बघण्याआधी आउटपुट इम्पिडन्स १ ओहमच्या आत आहे ना ते बघा. आयईएम वापरणाऱ्यांनी अजून एक बघायचं, गाणं पॉझ केल्यावर मागे "स्स्स" ऐकू येतं का. सेन्सिटिव्ह आयईएमला ताकदवान अ‍ॅम्प लावला की हेच होतं, पैसे देऊन विकत घेतलेली सरसर.

आता हेडफोनकडे येऊ, कारण सगळं बजेट तिथे जाणार आहे. पहिलं ठरवा ऐकणार कुठे. एकटे, शांत खोलीत ऐकणार असाल तर ओपन बॅक (कपांची मागची बाजू उघडी असलेला) घ्या, आवाज मोकळा लागतो, डोक्याच्या बाहेर पसरतो, कान कमी तापतात. आजूबाजूला माणसं असतील किंवा प्रवासात ऐकणार असाल तर ओपन बॅकचा विचारही करू नका, तुमचं गाणं सगळ्यांना आणि सगळ्यांचा गोंगाट तुम्हाला. दुसरं म्हणजे डोक्यावर कसा बसतो. याला लोक सगळ्यात शेवटी धरतात आणि माझ्या मते हे सगळ्यात वर पाहिजे, चष्म्याच्या काडीवर दाब येतो का, कान पॅडच्या आत पूर्ण मावतो का, तासाभराने टाळू दुखते का. चष्म्यामुळे पॅड नीट टेकलं नाही तर क्लोज्ड बॅकचा बेस गळतो, मग माणूस अ‍ॅम्पमध्ये बेस शोधत बसतो.

तिसरं, केबल निघते का आणि इअरपॅड वेगळे मिळतात का. पॅड दबले की आवाज बदलतो, ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, सील जातो. ज्याचे पॅड बाजारात मिळतात तो हेडफोन वर्षानुवर्षं चालतो. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून आहे, सेनहायझरचा एचडी ६०० १९९७ पासून, कॉसचा पोर्टा प्रो तर १९८४ पासून, आणि लोक आजही तेच घेऊन तेच ऐकतायत, कारण चांगला वायरवाला हेडफोन जुना होत नाही. याच्या उलट बऱ्याच पोर्टेबल अ‍ॅम्पच्या आत बॅटरी असते, ती काही वर्षांत थकते, पोर्ट बदलतात, मायक्रो यूएसबीवाले किती तरी अ‍ॅम्प आज ड्रॉवरमध्ये पडून आहेत. ज्याचं बजेट कमी आहे त्याने टिकणाऱ्या वस्तूत पैसे घालावेत, मला तरी याच्यापुढे दुसरा मुद्दा सुचत नाही.

निवडताना ऐकायला मिळालं तर स्वतःच्या ओळखीची गाणी लावा, ज्यांचा कोपरा न् कोपरा पाठ आहे अशी. मी तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याची चाट ऐकते, वरचा ट्रेबल टोचरा असेल तर चाटेवर लगेच कळतं, आणि मधला भाग पोकळ असेल तर तंबोरा पत्र्यासारखा वाजतो. डेमोची चकचकीत गाणी कुठल्याही हेडफोनवर छानच वाजतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका.

आणि ईक्यू वापरा, म्हणजे इक्वलायझर, बेस-ट्रेबल वेगवेगळे कमीजास्त करायची सोय! फुकट आहे, फोनवर आहे, कॉम्प्युटरवर आहे. ऑटोईक्यूसारख्या प्रोजेक्टमध्ये हजारो हेडफोनच्या मोजमापांवरून तयार केलेल्या सेटिंग मिळतात, त्या टाका, मग आपल्या कानाला रुचेल तसं थोडं इकडेतिकडे करा. हजारो लोक अ‍ॅम्प बदलून जो बदल शोधतात तो ईक्यूच्या दोन पट्ट्यांत मिळतो. फक्त एक नियम पाळा, बेस ६ डेसिबल वाढवलात तर एकूण पातळी ६ डेसिबल खाली आणा, नाहीतर आवाज फाटतो. आता एकूण पातळी खाली आली म्हणजे व्हॉल्यूम वर न्यावा लागणार, आणि इथे खरंच कधीकधी फोन किंवा साधा डोंगल कमी पडतो. अ‍ॅम्प घ्यायला मला पटणारं हे एक खणखणीत कारण आहे.

कानांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण विशी-पंचविशीतली पोरं हाय गेनवर (अ‍ॅम्पची जास्त मोठा आवाज देणारी सेटिंग) तासन् तास ऐकताना बघून जीव खालीवर होतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे. ९० डेसिबल झाले की तेच ४ तासांवर येतं, आठवड्याला! ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त झाला, मग हेडफोन कुठलाही असो. आणि गेलेलं ऐकू येणं कुठल्याही अ‍ॅम्पने परत येत नाही.

तर हेडफोन घेतलात, फोन-डोंगलवर लावलात, ईक्यू केलात, तुमचं सगळ्यात हळू रेकॉर्डिंग लावलंत आणि व्हॉल्यूम शेवटाला टेकूनही कमी पडतंय, किंवा मोठ्या क्षणाला आवाज फाटतोय, तर आता अ‍ॅम्प घ्या, आणि बिनधास्त घ्या. आउटपुट इम्पिडन्स १ ओहमच्या आत, कमीत कमी २ व्होल्ट, गेन कमी-जास्त करायची सोय, व्हॉल्यूमचं स्वतंत्र बटण. फोनला वायरनेच जोडणार असाल तर बॅटरी नसलेला घ्या, फोनची चार्जिंग थोडी जास्त जाईल पण थकायला आत काही उरत नाही. ब्लूटूथ हवंच असेल तर ज्याच्या आतच पॅरामेट्रिक ईक्यू (हवी ती पट्टी नेमकी निवडून बदलता येणारा) आहे असा बघा, क्यूडेलिक्स ५के सारखा, म्हणजे केलेलं सेटिंग फोन बदलला तरी त्याच्यातच राहतं. घरी आणल्यावर गेन आधी लो वर ठेवा, आणि लो वर पुरतंय तोवर हाय ला हात लावू नका.